मुकुट आहे, मत नाही

स्वीडनमधल्या लुथरन बिशपची झोप उडवणाऱ्यांत सैतानाचा नंबर बराच खाली लागतो. सगळ्यात वर आहे एक तपकिरी किडा. लांबी जेमतेम पाच मिलिमीटर. तो स्प्रूसच्या सालीत शिरतो, आतून पोखरतो आणि उभं झाड वाळवून टाकतो. 2018 चा उन्हाळा तिकडे कोरडा ठणठणीत गेला आणि पुढची काही वर्षं या किड्याने दक्षिण स्वीडनच्या जंगलांत नुसता उच्छाद मांडला. यात बिशपचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध असा, की त्यातलं बरंचसं जंगल चर्चचं आहे, आणि त्या जंगलाचा हिशेब ज्या मंडळापुढे येतो त्या मंडळाच्या अध्यक्षपदी बिशप बसलेले असतात.

जुन्या काळी गावोगावच्या पाळकाला रोख पगार असा फारसा नव्हता. पोटापाण्यासाठी त्याला शेत आणि रान लावून दिलेलं असे. आठवडाभर गाई-गुरं, रविवारी प्रवचन. पुढे पगार सुरू झाले, पण जमिनी चर्चच्या नावावरच राहिल्या. आज त्यांची व्यवस्था धर्मप्रांत पाहतो आणि स्वीडनच्या मोठ्या जंगलमालकांत चर्चची गणना होते. त्यामुळे ईश्वरविज्ञानाची पदवी घेऊन, बरीच वर्षं बाप्तिस्मे, लग्नं आणि अंत्यविधी करून जो माणूस बिशप होतो, त्याला पहिल्या दोन-चार बैठकांतच उमगतं की लाकडाचा घनमीटरचा भाव आपल्याला तोंडपाठ असायला हवा होता. 8 जानेवारी 2005 ला ‘गुद्रुन’ नावाचं वादळ आलं आणि दक्षिण स्वीडनमधलं सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं करून गेलं. तिथल्या वेक्शो धर्मप्रांताचं रानही त्या तडाख्यात सापडलं. अशा वेळी लोकांचं सांत्वन करायचं बिशपनेच, आणि पडलेली झाडं उचलण्याचं टेंडर ज्या मंडळापुढे येतं त्याच्या अध्यक्षस्थानीही बिशपच.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बिशप म्हटलं की वसई येते, गोव्यातलं एखादं फेस्त येतं. ते कॅथलिक. लुथरन हा महाराष्ट्रात क्वचित भेटणारा प्राणी. सोळाव्या शतकात मार्टिन लुथरने रोमशी भांडण काढलं. त्याचे पडसाद उत्तरेला पोचले तेव्हा स्वीडनचा राजा गुस्ताव वासा कर्जात होता. 1527 मध्ये वेस्टेरोस इथे सभा भरवून त्याने चर्चची अतिरिक्त संपत्ती राजाच्या खजिन्यात घेतली. धर्मसुधारणेची ही स्वीडिश रीत मोठी व्यवहारी होती: तिजोरी राजाने नेली, बिशप जागेवर ठेवले. त्यामुळे आजही तिथले बिशप उंच टोप घालतात, भरजरी झगा पांघरतात, हातात वाकड्या मुठीची काठी धरतात आणि गळ्यात सोन्याचा क्रूस मिरवतात. मोठ्या समारंभाच्या फोटोत त्यांना पाहून एखादा वसईकर सहज हात जोडील. फक्त झग्याच्या आतली व्यक्ती बाई असण्याची शक्यता चांगलीच असते, आणि शेजारी उभे असलेले गृहस्थ तिचे यजमान असतात.

रोजच्या कामाला मात्र झगा नसतो. जांभळा शर्ट आणि गळपट्टीची पांढरी पट्टी एवढाच गणवेश. काळा शर्ट म्हणजे पाळक, हिरवा म्हणजे डीकन, जांभळा म्हणजे बिशप. लांबूनच रंग पाहून कुणापुढे किती तक्रारी करायच्या ते लोकांना ठरवता येतं.

देशात धर्मप्रांत 13, बिशप 14. उप्सालाला दोन असतात. तिथे आर्चबिशपची गादी आहे, आणि आर्चबिशप देशभर, जगभर फिरण्यात, भाषणांत आणि मुलाखतींत इतके गुंतलेले असतात की त्यांच्याच घरच्या धर्मप्रांताचं काम पाहायला दुसरा बिशप नेमावा लागला. विस्बीचे बिशप गोटलंड बेटावर राहतात. बेट लहान, म्हणून की काय, परदेशांतल्या स्वीडिश मंडळ्यांची, म्हणजे तिथल्या चर्च-समुदायांची, देखरेखही त्यांच्याच गळ्यात आहे. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क सगळं त्या बेटाच्या अखत्यारीत. आणि उत्तरेला लुलेओ. हा धर्मप्रांत स्वीडनच्या एक तृतीयांश भूमीवर पसरलेला, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मा. लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. मराठवाडा आणि विदर्भ यांच्याएवढ्या मुलखात सोलापूर शहराहूनही कमी माणसं विखरून ठेवली, वर सहा महिने बर्फ घातलं, की लुलेओच्या बिशपची दौऱ्याची डायरी तयार होते. प्रार्थनेला सर्वांत निवांत वेळ गाडीत मिळत असणार. रस्त्यावर रेनडियर आडवा आला की प्रार्थना आणखी मनापासून होत असणार.

याच लुलेओ धर्मप्रांतात ऑगस्ट 2025 मध्ये चर्चनेच प्रवास केला. किरुना गावाखाली लोखंडाची खाण आहे. खाण पसरत चालली, जमीन खचू लागली, म्हणून गावच हलवायचं ठरलं. 1912 सालचं लाकडी चर्च, वजन 672 टन, ते अख्खंच्या अख्खं गाड्यांवर चढवलं आणि दोन दिवसांत पाच किलोमीटर पुढे नेलं. वेग इतका, की रांगणारं पोर पुढे निघून गेलं असतं. निघण्यापूर्वी बिशपबाईंनी आणि स्थानिक पाळकबाईंनी आशीर्वाद दिला, राजेसाहेब पाहायला आले, टीव्हीवर थेट प्रक्षेपण झालं. बिशप होण्याच्या अभ्यासक्रमात अवजड वाहतुकीवर धडा नसतो. तो असावा.

एवढा पसारा पाहून वाटेल की या माणसाच्या हाती सत्ता तरी केवढी असेल! इथेच सगळी गोम आहे. स्वीडनमध्ये पाळकाला नोकरीवर ठेवते ती त्या त्या गावची मंडळी. पगार मंडळी देते, रजा मंडळी मंजूर करते, चर्चचं छप्पर गळलं तर पैसे मंडळी काढते. गावकऱ्यांनी निवडून दिलेल्या लोकांचं मंडळ असतं, ते आणि मुख्य पाळक मिळून कारभार पाहतात. बिशपकडे काय? देखरेख. बिशप सल्ला देऊ शकतात, चिंता व्यक्त करू शकतात, पत्र लिहू शकतात, आणि फारच झालं तर आणखी एक पत्र लिहू शकतात. ‘हे असं करा’ असा हुकूम सोडायची सोय जवळजवळ नाही. टोप सगळ्यांत उंच आणि हुकूम सगळ्यांत कमी, असं हे गणित आहे.

याचा कळस पाहायचा तर शरद ऋतूत उप्सालाला जावं. तिथे चर्चची सर्वोच्च सभा भरते. 251 सभासद, सगळे निवडून आलेले. सिद्धांत, उपासनेची पुस्तकं, पैसा, सगळ्यांवर अखेरचा शब्द या सभेचा. बिशपांना हजर राहणं सक्तीचं आहे. त्यांना बोलता येतं. प्रस्ताव मांडता येतो. मत मात्र देता येत नाही. चौदा बिशप दिवसचे दिवस बसून सभासदांची भाषणं ऐकतात. मधूनच एखादा सभासद श्रद्धेच्या बाबतीत बिशपांना चार गोष्टी शिकवतो. बिशप मान डोलावतात. मग मतदान होतं. बिशप पाण्याचा ग्लास उचलतात.

आणि हे सभासद येतात कुठून? तर निवडणुकीतून, आणि त्या निवडणुकीत राजकीय पक्ष उतरतात. सोशल डेमोक्रॅट, सेंटर पार्टी, स्वीडन डेमोक्रॅट या पक्षांच्या याद्या असतात, शिवाय पक्षविरहित गट असतात. वयाची सोळा वर्षं पूर्ण झालेला चर्चचा कुणीही सभासद मत देऊ शकतो. 1 जानेवारी 2000 पासून चर्च सरकारपासून वेगळं झालं, पण पक्ष काही चर्चमधून निघाले नाहीत. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. त्यांना नवल वाटेल ते एवढंच, की तिथे निकालानंतर गुलाल उडत नाही.

बिशपच्या कामातलं खरं रसाळ प्रकरण म्हणजे मंडळ्यांची तपासणी. मराठी शाळांतून एके काळी ‘दिपोटी येणार’ म्हटलं की जे व्हायचं, तेच तिथे ‘बिशप येणार’ म्हटल्यावर होतं. भिंती पुसल्या जातात, हजेरीची वह्या-पुस्तकं शोधली जातात, पोरांना गाणं बसवून घेतलं जातं. तपासणी काही दिवस चालते. बिशपच्या आधी आणि बरोबर कचेरीतली माणसं येतात. ती कपाटं उघडतात. दप्तर जागेवर आहे का, जुन्या नोंदींना वाळवी-बुरशी लागली नाही ना, चांदीचे पेले यादीप्रमाणे भरतात का, हिशेब लागतो का. दफनभूमीतही चक्कर होते. स्वीडनमध्ये स्टॉकहोम आणि त्रानोस ही दोन ठिकाणं सोडली तर देशभर दफनाची व्यवस्था चर्चकडेच आहे. मृत माणूस चर्चचा सभासद असो, मुसलमान असो की पक्का नास्तिक असो. त्यामुळे थडग्याचा दगड कलला आहे का, तो कुणाच्या अंगावर पडणार तर नाही ना, हे पाहणंही याच खात्यात येतं. धक्का देऊन पाहिल्यावर दगड हलला नाही, तर आतल्या माणसाची आणि मंडळीची, दोघांची अब्रू राहते.

तोवर बिशप गावात फिरत असतात. वृद्धाश्रम, शाळा, एखादा कारखाना, नगरपालिकेच्या प्रमुखांची भेट, दीक्षेपूर्वीच्या वर्गातली पोरं. ही पोरं हा सर्वांत कठीण पेपर. ‘तुम्ही खरंच देव मानता का?’ असं मोठ्यांपैकी कुणी बिशपला तोंडावर विचारत नाही. चौदा वर्षांची मुलं विचारतात, आणि लगेच दुसरा प्रश्न टाकतात, की पगार किती आहे.

मग येते कॉफी. उपासना संपली की चर्चच्या हॉलमध्ये कॉफी ठेवायची, ही प्रथा कुठल्याही सिद्धांताहून घट्ट आहे. मंडळीतल्या बायका (आता पुरुषही) घरून खाऊ करून आणतात. स्वीडिश पाहुणचाराचा जुना दंडक असा, की ताटात सात प्रकारची बिस्किटं हवीत. सातांहून कमी म्हणजे कद्रूपणा, जास्त म्हणजे शेखी. बिशपला सातही प्रकार चाखावे लागतात. एखादं गाळलं तर ते कुणाच्या घरून आलं होतं हे गावाला माहीत असतं. शिवाय तपासणीचा खरा अहवाल याच टेबलावर तयार होतो. दप्तर सगळं ठाकठीक दाखवतं, आणि कपातली साखर ढवळता ढवळता एक आजीबाई हळूच सांगते की मुख्य पाळक आणि ऑर्गनवादक गेली दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि बाकं. स्वीडिश चर्चमध्ये बाकांइतका रक्तदाब दुसऱ्या कशाने वाढत नाही. तरुण पाळकाला वाटतं, मागच्या चार रांगा काढाव्यात, तिथे मुलांसाठी कोपरा करावा, कॉफीचं टेबल ठेवावं. ज्येष्ठांना वाटतं, या बाकावर आमचे पणजोबा बसत. त्यात तिसरा पक्ष म्हणजे सरकार. 1939 अखेरपर्यंत बांधलेल्या चर्चमध्ये मोठा फेरफार करायचा तर वारसा जपणुकीच्या कायद्यानुसार जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. देशभरात चर्चच्या इमारती सुमारे 3,400, आणि त्यातल्या बहुतेक जुन्याच. म्हणजे देवाची हरकत नसली तरी पुरातत्त्ववाल्यांची असू शकते. दोन्ही बाजू शेवटी बिशपकडे येतात. बिशपना बाक हलवायचा अधिकार नाही, न हलवू द्यायचाही नाही. ते दोघांचंही ऐकून घेतात. स्वीडिश बिशपचं निम्मं आयुष्य ऐकून घेण्यात जातं आणि उरलेलं इतिवृत्त वाचण्यात.

तपासणीचा हा वारसा जुना आहे, आणि पूर्वी तो असा मवाळ नव्हता. 1686 च्या चर्च कायद्याने पाळकांवर जबाबदारी टाकली, की घरोघरी जाऊन माणसांना वाचता येतं का, धर्माची प्रश्नोत्तरं येतात का, ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. ज्याला प्रश्नोत्तरं येत नाहीत त्याचं लग्न अडे. गावोगावी शाळा नसलेल्या देशात घरोघरी वाचता येऊ लागलं ते या धाकाने. नवरी मुलगी पसंत पडली की तरुण आधी पुस्तक उघडी. 1749 पासून जन्म, मृत्यू, मृत्यूची कारणं यांचे तक्ते पाळकांकडून भरून घेतले जाऊ लागले आणि ते चर्चच्या वरिष्ठांच्या हातून राजधानीकडे जात. अख्ख्या देशाची अशी सलग लोकसंख्यागणना जगात सर्वांत जुनी समजली जाते. पहिली बेरीज झाली तेव्हा माणसं अपेक्षेहून इतकी कमी निघाली की सरकारने आकडा गुपित ठेवला. आकडा आवडला नाही की दडवायचा, ही युक्तीही तशी जुनीच म्हणायची.

या मोजामोजीतूनच बिशपांच्या इतिहासातलं एक प्रसिद्ध निदान बाहेर आलं. एसाइआस तेग्नेर हा ‘फ्रिथ्योफ्स सागा’चा कवी 1824 मध्ये वेक्शोचा बिशप झाला. लुंडला ग्रीकचा प्राध्यापक असलेला हा माणूस आता बग्गीतून खेडोपाडी फिरून दारुड्या पाळकांना झापू लागला. लोकसंख्या एवढी का वाढते, याचा विचार करून 1833 मध्ये त्याने तीन कारणं सांगितली: शांतता, देवीची लस आणि बटाटा. देवाची कृपा हे चौथं कारण त्याने यादीत घातलं नाही, हे बिशपच्या दृष्टीने धाडसच. पण त्याच्या खात्याचा वाटा त्यात होताच. बटाटा लावा, असं व्यासपीठावरून सांगणारे पाळक तेव्हा होते, आणि लस टोचायला चर्चचा कारकून पुढे असे.

पूर्वीच्या कारभारातलं आणखी एक कलम सांगायला हवं. गावचा पाळक वारला की त्याची विधवा आणि पोरंबाळं उघड्यावर येत. निवृत्तिवेतन नव्हतं. तोडगा असा निघाला, की नव्या पाळकाने जागेबरोबर विधवेशीही लग्न करावं. नेमणुका करणारं मंडळ उमेदवाराला तसं सुचवी. पंचविशीतला तरुण पदवी घेऊन येई आणि कधी कधी पन्नाशीच्या बाईंचा नवरा होऊन स्थिरावे. पुढे तो वारला की बाई पुढच्या उमेदवाराची वाट पाहत. आजच्या बिशपच्या कचेरीत मनुष्यबळ विभाग असतो. तो यापेक्षा पुष्कळच साधा वाटतो.

शिस्तभंगाची प्रकरणं हा मात्र बिशपच्या टेबलावरचा खरा जड गठ्ठा. त्यासाठी प्रत्येक धर्मप्रांतात एक मंडळ असतं. अध्यक्ष बिशप, आणि सभासदांत एक न्यायाधीश असलाच पाहिजे असा नियम. नुसत्या पुण्याईवर निकाल देऊ नयेत, ही त्यामागची शहाणी शंका. पाळकाने गुपित फोडलं, दारू पिऊन उपासना केली, पैशात घोळ केला, तर ताकीद, परीक्षाकाळ, आणि शेवटी पद काढून घेणं. हे एक ठिकाण जिथे जांभळ्या शर्टाला दात आहेत.

पण दात असूनही चावता येत नाही, याचा नमुना शेजारच्या डेन्मार्कने दाखवला. तिथलं चर्च आजही सरकारचंच, आर्चबिशप नाही, आणि उपासनेला पाळक गळ्याभोवती चुण्यांची गोल पांढरी कॉलर घालतात, सतराव्या शतकातल्या चित्रांत दिसते तशीच. 2003 मध्ये कोपनहेगनजवळच्या टोरबेक गावचे पाळक थोरकिल्ड ग्रोसबोल यांनी वर्तमानपत्राला मुलाखत दिली आणि सांगून टाकलं, की जग निर्माण करणारा देव, पुनरुत्थान, चिरंतन जीवन यांवर आपला विश्वास नाही. देशभर गहजब झाला. गावात मात्र झाला नाही. गावकरी म्हणाले, आमचे पाळक चांगले आहेत, तुम्ही मध्ये पडू नका.

प्रकरण हेल्सिंगोरच्या बिशप लिसे-लोटे रेबेल यांच्यापुढे आलं. रेबेल या 1995 मध्ये डेन्मार्कच्या पहिल्या महिला बिशप झालेल्या. त्यांनी ग्रोसबोलना कामावरून दूर केलं. मग खुलासा झाला, ते परत आले. मग पुन्हा बोलले, पुन्हा दूर झाले. डॅनिश पाळक म्हणजे सरकारी नोकर, त्यामुळे देव नाही म्हणाला म्हणून त्याला काढायचं तर फाइल मंत्रालयात जाते, वकील येतात, नियम उघडले जातात. सेवानियमांत ‘ईश्वराचं अस्तित्व’ असं कलम शोधणाऱ्या कारकुनाची अवस्था कुणी लिहून ठेवायला हवी होती. शेवटी यातून तोडगा निघाला तो इतका सरकारी होता, की मराठी वाचकाला माहेरची आठवण यावी: त्यांच्या देखरेखीचं काम दुसऱ्या बिशपकडे वर्ग केलं. रोस्किल्डचे बिशप यान लिन्डहार्ट यांनी ते सांभाळलं. ग्रोसबोल पुन्हा उपासना करू लागले आणि 2008 मध्ये रीतसर निवृत्त झाले. देवाच्या अस्तित्वाचा प्रश्न अनिर्णितच राहिला. पेन्शनचा मात्र अडला नाही.

बिशपना स्वतःच्या शब्दांचीही भीती बाळगावी लागते. स्वीडनमध्ये नवा बिशप एक ब्रीद निवडतो, आपलं चिन्ह काढून घेतो आणि आपल्या धर्मप्रांताला उद्देशून पत्र लिहितो. पत्र म्हणायचं, पण असतं पुस्तकाएवढं. ते छापतात, पाळकांना भेट मिळतं, आणि ‘वाचायचंय’ म्हणून खिडकीत ठेवलं जातं. ब्रीद मात्र सगळे वाचतात. आन्त्ये याकेलेन 2014 मध्ये स्वीडनच्या पहिल्या महिला आर्चबिशप झाल्या. त्यांचं ब्रीद होतं, ‘देव अधिक मोठा आहे’. नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं. पण काहींना त्यात मुसलमानांचं ‘अल्लाहु अकबर’ ऐकू आलं आणि बायबलमधलं वचन बायबलमधलंच आहे हे समजावण्यात बाईंचा बराच काळ गेला.

या बाबतीत 1980 च्या दशकात स्टॉकहोमचे बिशप असलेले क्रिस्टर स्टेन्डाल यांनी बरी वाट काढली होती. हार्वर्डमधून परतलेला हा विद्वान. त्यांच्या हद्दीत मॉर्मन पंथाचं मंदिर उभं राहत होतं आणि लोक चिडले होते. बिशपांनी पत्रकारांना बोलावलं आणि तीन नियम सांगितले. दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्यांना विचारा, त्याच्या वैऱ्यांना नको. आपलं उत्तम आणि त्यांचं वाईट अशी तुलना करू नका. आणि त्यांच्याकडे काहीतरी हेवा वाटावा असं आहे का, तेही बघा. बिशपची पत्रकार परिषद इतकी उपयोगी क्वचितच ठरते.

स्त्रियांनी पाळक व्हावं का, हा प्रश्नही बिशपांनी बराच काळ चघळला. 1958 मध्ये निर्णय झाला, 1960 मध्ये पहिल्या तीन स्त्रियांना दीक्षा मिळाली, आणि योटेबोर्गचे कादंबरीकार बिशप बू येर्ट्स यांच्यासारखे कट्टर विरोधक अखेरपर्यंत हटले नाहीत. पहिली महिला बिशप यायला 1997 उजाडलं. 2020 मध्ये मात्र महिला पाळकांची संख्या पुरुषांहून किंचित पुढे गेली.

भारताशी या लुथरन मंडळींचं नातं थेट बिशपच्या परीक्षेपासून सुरू होतं. डेन्मार्कच्या राजाने तरंगंबाडीच्या आपल्या वखारीत धर्मप्रचारक पाठवायचं ठरवलं तेव्हा बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूट्शाउ या दोन जर्मन तरुणांना कोपनहेगनच्या बिशपकडे परीक्षेला बसावं लागलं. बिशपनी त्यांना आधी नापास केलं. राजाचा शब्द आल्यावर ते पास झाले आणि 9 जुलै 1706 ला तरंगंबाडीला उतरले. त्याच झिगेनबाल्गने पुढे तमिळमध्ये नवा करार छापला. परीक्षक चुकले होते, आणि वशिला बरोबर होता, असं उदाहरण इतिहासात सहसा सापडत नाही. डॅनिशांच्या दुसऱ्या वसाहतीत, सेरामपूरला, विल्यम केरी हा बाप्टिस्ट आश्रयाला होता. तिथूनच 1805 मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं. म्हणजे मराठीच्या विभक्ती-प्रत्ययांना एका लुथरन राजाच्या निशाणाखाली छपाईची शाई लागली.

तमिळ लुथरन चर्चचे पहिले बिशप 1921 मध्ये झाले, अर्न्स्ट हॉयमान, स्वीडिश. पहिले भारतीय बिशप राजा मणिक्कम, 1956 मध्ये. पदवी ‘तरंगंबाडीचे बिशप’, कचेरी तिरुचिरापल्लीत. नावाला एक गाव आणि बसायला दुसरं, ही सोय प्रशासनात आपल्याला नवी नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर, बिशप होतं कोण? 1914 मध्ये नाथान सोडरब्लूम आर्चबिशप झाले ते तीन नावांच्या यादीत तिसरे असताना. सरकारने वरची दोन ओलांडून त्यांना नेमलं. हे तेच, जे तरुणपणी पॅरिसमध्ये स्वीडिश मंडळीचे पाळक होते आणि 1896 मध्ये आल्फ्रेड नोबेलच्या सान रेमोतल्या अंत्यविधीत बोलले होते. 1930 मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. श्रद्धांजलीच्या भाषणाचं इतकं घसघशीत मानधन, तेही चौतीस वर्षांनी, दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. 2022 पासून आर्चबिशप आहेत मार्टिन मोडेउस. त्यांचा भाऊ फ्रेडरिक मोडेउस हे 2015 मध्ये वेक्शोचे बिशप झाले. मराठी वाचकाच्या ओठांवर घराणेशाही हा शब्द येण्याआधी सांगायला हवं, की दोघेही मतांवर निवडून आलेले आहेत. शब्द तरीही येईलच.

तेव्हा कुणाला हे पद हवंसं वाटत असेल तर माहिती अशी. अर्ज मागवण्याची पद्धत नाही, नावं मतदारच सुचवतात. मतदार म्हणजे धर्मप्रांतातले पाळक, डीकन आणि मंडळ्यांनी निवडलेले प्रतिनिधी. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. मतदारांपुढे उमेदवारांच्या जाहीर मुलाखती होतात, आणि मुलाखतीच्या मध्यंतरात कॉफी असते. तिथे चहा मागितला तर मिळतो, पण मागणाऱ्याकडे लोक वळून बघतात. चहाबाज मराठी माणसाने या निवडणुकीच्या नादी लागू नये.